एवढ्याशा ग्रिलमध्ये काय काय येईल?

मागच्या अंकात गच्चीवरच्या वाफ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या बहुतेक मेलांचा सूर एकच, की ताई गच्ची आहे कुणाकडे, आमच्याकडे खिडकीची ग्रिल आहे नाहीतर कपडे वाळत घालायची तीन फुटांची बाल्कनी, त्याचं काहीतरी सांगा. पटलं. म्हणून या वेळी फक्त कमी जागावाल्यांचेच प्रश्न घेतलेत. काही पत्रं लांबलचक होती ती कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मेथी टाकली की भराभर येते पण कोथिंबीर काही केल्या उगवत नाही. धणे किराणाच्या दुकानातलेच घेते, कुंडीत पसरते, पाणी घालते, आठवडाभर वाट बघून माती उकरते तर धणे तसेच्या तसे. सासूबाई म्हणतात तुझ्या हाताला गुण नाही. (डोंबिवली)

उत्तर : सासूबाईंना सांगा हाताचा काही संबंध नाही, धण्याचा आहे. एका धण्यात दोन बिया असतात आणि वरचं टरफल टणक, म्हणून पेरायच्या आधी धणे कापडावर पसरून लाटण्याने हलकेच रगडायचे, नुसत्या दोन फाका झाल्या पाहिजेत, भरड नको, आपल्याला मसाला नाही करायचाय. मग रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पेरा आणि वरून जेमतेम अर्धा इंच माती. आणि मुख्य म्हणजे उकरू नका! मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, कोथिंबिरीला 8 ते 12 दिवस लागतात, म्हणजे तुम्ही नेमक्या ती येण्याच्या बेतात असतानाच तिला खणून काढताय. दुकानातले धणे चालतात पण ते जुने असले तर निम्मेच उगवतात, तेव्हा जरा दाट पेरा.

कुंडी किमान 6 इंच खोल हवी कारण तिचं मूळ सरळ खाली जातं, आणि त्याच कारणाने रोपं उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. हंगामाचंही बघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सुखाने येते, मार्चनंतर उकाडा सुरू झाला की पानं बारीक होऊन तुरा येतो आणि भर पावसात बुडाशी सडते. उन्हाळ्यात हट्टच असेल तर फक्त सकाळचं ऊन येतं अशा कोपऱ्यात पेरा आणि चार बोटं वाढली की खाऊन टाका, जुडी व्हायची वाट बघू नका.

जाता जाता मेथीबद्दल. मुंबईच्या बाजारात ती समुद्र मेथीची इवलीशी जुडी मिळते ना, मुळांसकट, दोन पानांची, ती वाळूत दाट पेरून दोनेक आठवड्यांत उपटलेली असते. ग्रिलवाल्यांनी खरं तर ह्याच पद्धतीने जावं, इडलीच्या पिठाच्या जुन्या पसरट डब्याला भोकं पाडायची, 3 इंच माती, मेथीदाणे अगदी चिकटून चिकटून, आणि बोटभर झाली की अख्खा डबा रिकामा करून पुन्हा पेरायचा. माझ्या मते मुंबईत तीन फुटांच्या जागेला ह्याच्याइतकं परवडणारं दुसरं पीक नाही.

प्रश्न : आमच्या हॉलची एकमेव ग्रिल उत्तरेला आहे. टोमॅटो लावला, दोन फूट उंच झाला, काठीला बांधला, पण एक फूल नाही. मनी प्लांट सोडून दुसरं काही जगेल की नाही ते खरं सांगा. (चेंबूर)

उत्तर : खरं सांगते, टोमॅटो विसरा. टोमॅटो, वांगी, मिरची, मोगरा ह्या मंडळींना थेट ऊन हवं, 5-6 तास, आणि ‘उजेड भरपूर आहे हो’ ह्याला ऊन म्हणत नाहीत. तुमचा टोमॅटो उंच झाला तो वाढला म्हणून नाही तर उजेड शोधत लांबला.

आता दिशेचं जरा नीट समजून घ्या, कारण मला येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे आणि लोक मात्र खत विचारत बसतात. मुंबई साधारण 19 अक्षांशावर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरमध्ये भर दुपारीही तो डोक्यावर येत नाही, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन अगदी आतपर्यंत येतं आणि उत्तरेची खिडकी त्या काळात पूर्ण सावलीत. उन्हाळ्याकडे सरकलं की सूर्य ईशान्येकडून उगवतो, वायव्येला मावळतो, म्हणून उत्तरेच्या ग्रिलला सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन मिळायला लागतं. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेलाच असतो, फक्त जूनपासून ढगच इतके की त्याचा फायदा काही घेता येत नाही. गंमत म्हणजे भाज्यांचा चांगला हंगाम हिवाळा, आणि तेव्हाच दक्षिणवाल्यांची चांदी. तुमच्या नशिबी पालेभाज्या आणि पानांची झाडं.

म्हणून पुदिना लावा, बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या खालची पानं काढून पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं सुटतात. पानओवा लावा, त्याची भजी होतात आणि तो मारायचा म्हटला तरी मरत नाही. वडीचं अळू ओल्या सावलीत खूश असतं, पसरट टबात ठेवा. शोभेचं हवं तर स्नेक प्लांट, सिंगोनियम. तुळशीचा मोह होईल, पण उत्तरेला हिवाळ्यात ती झुरते, तिला चार महिने शेजारणीच्या पूर्वेच्या खिडकीत पाठवा वाटलं तर.

प्रश्न : तळाला खडी आणि विटांचे तुकडे टाकूनच कुंडी भरतो, पाणी निचरायला. तरी पावसाळ्यात तुळस आणि जास्वंद दोन्ही बुडाशी कुजले. अजून जास्त खडी टाकू का? (कोल्हापूर)

उत्तर : काका, अजून नको, आहे तीच काढा! हे सगळ्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलंय पण छोट्या कुंडीत ते उलटं पडतं. पाणी मातीतून खाली उतरतं ते खडीच्या तोंडाशी आलं की थबकतं, कारण माती बारीक आणि ती पाणी धरून ठेवते, खालच्या मोठ्या फटींत सहजी सोडत नाही. म्हणजे मातीचा सगळ्यात खालचा थर कायम गच्च ओला. आता 8 इंचांच्या कुंडीत 2 इंच खडी घातली की तो गच्च थर 2 इंच वर सरकला, मुळांच्या वाट्याला मोकळी हवेशीर माती राहिली तेवढीच कमी. पावसात मग ती मुळं श्वासच घेऊ शकत नाहीत.

विश्वास बसत नसेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि हातावर आडवा धरा. टपटप गळून गळून थांबेल. थांबला की तोच स्पंज उभा करा, परत धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणून उथळ पसरट भांडं जास्त वेळ ओलं राहतं आणि उंच कुंडी वरून लवकर मोकळी होते. पुदिना, अळू उथळ भांड्यात, तुळस, मोगरा, जास्वंद उंच कुंडीत, एवढं धरून चाललात तरी बराच फरक पडेल.

भोकावर एखादी वाकडी खापरी पालथी ठेवा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, बस. आणि कुंडी फरशीला चिकटून ठेवू नका, खाली फरशीचे दोन तुकडे सरकवा, नाहीतर भोक असून नसल्यासारखं.

प्रश्न : सेकंड फ्लोअरला राहतो. बॉक्स ग्रिलमध्ये 12 इंची चार कुंड्या आहेत. सोसायटीने नोटीस लावली की वजन कमी करा, शिवाय खालच्या वहिनी रोज ओरडतात की पाणी त्यांच्या कपड्यांवर पडतं. झाडं काढायची इच्छा नाही. (ठाणे)

उत्तर : सोसायटीचं चूक नाहीये हो. जरा हिशोब करू. 12 इंची कुंडीत साधारण 15 लिटर माती मावते, ओली लाल माती लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणजे पाणी घातल्यावर एक कुंडी 25 किलोच्या आसपास. चार कुंड्या म्हणजे 100 किलो, आणि ते सगळं भिंतीत ठोकलेल्या काही बोल्टांवर लटकतंय ज्यांना पावसात गंज चढलेला असतो. खाली मुलं खेळतात.

मोठ्या कुंड्या ग्रिलमधून उतरवून बाल्कनीत भिंतीच्या कडेला घ्या, ग्रिलमध्ये 6 आणि 8 इंचीच ठेवा, त्याही प्लास्टिकच्या. माती बदला. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, वजन जवळपास निम्म्यावर येतं. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजून 8-9 लिटर होते, पण ती दोन पाण्यांतून पिळून घ्या, नारळाच्या सालीत मीठ असतं आणि ते कुंडीत गेलं की पानांच्या कडा करपतात. नुसत्या कोकोपीटमध्ये मात्र लावू नका, त्यात पोषण काही नसतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी किचनच्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं उभी केली, तिथेही भर मातीपेक्षा कुजलेल्या पाल्यावरच. पिशवीभर माती चार जिने चढवून आणायची गरज नसते हे लोकांच्या अजून गळी उतरत नाही.

आता वहिनी. कोकोपीट एकदा कोरडंठाक झालं की पाणी शोषत नाही, वरून ओतलेलं कडेने सरळ खाली, थेट त्यांच्या साड्यांवर. म्हणून एकदम तांब्याभर ओतायचं नाही, आधी थोडं शिंपडा, दहा मिनिटांनी परत. फारच सुकली असेल तर कुंडी बादलीत अर्धी बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. आणि खाली ताटली हवीच, पण ताटलीत साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, पालिकेची माणसं घरोघरी येऊन ताटल्याच आधी बघतात ते उगाच नाही. ताटलीत जाडी वाळू भरा, पाणी वाळूत राहील, वर तरंगणार नाही, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या ताटल्या उलट्या करा. वहिनींना पहिली पुदिन्याची जुडी नेऊन द्या, त्याचाही उपयोग होतो.

प्रश्न : नर्सरीतून आणलेलं रोप आठवडाभर छान दिसतं आणि मग पंधरा दिवसांत मान टाकतं. पाणी रोज घालते. (नाशिक)

उत्तर : काळी पिशवी फाडून आतला लाल मातीचा गोळा नीट बघितलाय का कधी? आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच झाडं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकने येतात आणि प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून भोवती चिकण लाल माती दाबून बसवलेली असते. तो गोळा तसाच्या तसा तुमच्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला की पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं. वरून माती ओली दिसते आणि आत मुळांपाशी खडखडीत, किंवा उलट, गोळा एकदा भिजला की महिनाभर चिखल. दोन्हीकडून मरण रोपाचंच.

लावायच्या आधी गोळा पाण्यात बुडवून मऊ करा आणि बोटांनी कडेकडेची माती हळूच झाडून टाका, सगळी धुवू नका. तळाशी मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती मोकळी करा, दोन-चार तुटली तरी चालतील. मग चार-पाच दिवस सावलीत. आणि रोज पाणी घालते हे काही कौतुकाचं नाही हां, बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी.

प्रश्न : मिरचीची पानं सगळी चुरगळल्यासारखी वाकडी झालीत, शेजारचे म्हणतात बोकड्या आलाय, उपटून टाक. (सांगली)

उत्तर : थांबा, एवढ्यात नको. पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीला टिचकी मारा आणि कागद उन्हात नेऊन बघा. टाचणीच्या टोकाएवढे लांबट पिवळसर ठिपके पळताना दिसले तर ते फुलकिडे. साधारण खूण अशी की फुलकिड्यांनी पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात, होडीसारख्या, आणि कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड) असेल तर खाली वळतात आणि पान लांबुडकं होतं, कोळी डोळ्याला दिसतोच असं नाही. दोन्हीला सुरुवात एकच, बिघडलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून फेका, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा, दर पाच-सहा दिवसांनी. नवीन पान सरळ आलं की वाचलं. तीनेक फवारण्यांनंतरही नवे शेंडे आखडलेले, पिवळट आणि झाड खुजंच राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्याला औषध नाही, मग मात्र शेजाऱ्यांचं ऐका.

प्रश्न : पीजीमध्ये राहते, खिडकीचा कट्टा एक हात रुंद, बजेट फार तर 200 रुपये. काहीतरी खाता येईल असं सांगा ना. (पुणे, कॉलेजची विद्यार्थिनी)

उत्तर : अगं 200 पण लागणार नाहीत. कोंब आलेले कांदे फेकू नकोस, श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून अर्धे मातीत खोच, पात कापत राहा, मॅगीत घाल. लसणाच्या पाकळ्यांचंही तसंच. सकाळचं ऊन येत असेल तर मेथी, वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलंय तशी. पैसे उरले तर गांडूळखताची छोटी पिशवी आण, बाकी ते ऑनलाइन मिळणारे रंगीबेरंगी किट वगैरे घेऊ नकोस, त्यात डब्यांचेच पैसे असतात.

प्रश्न : दहाव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी. एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाणी घालूनही पानं दुपारी लोळतात, एसीचं आउटडोअर युनिटही तिथेच आहे. (पुणे, कोथरूड)

उत्तर : युनिटच्या तोंडासमोरची झाडं आजच हलवा, तिथे काहीच टिकत नाही. त्याच्या पाइपातून गळणारं पाणी मात्र बादलीत धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात, बोअरच्या पाण्यात मिसळून घालता येतं. आरओचं फेकायचं पाणी उलट कुंडीला नको, त्यात क्षार साठलेले असतात, कुंडीच्या कडेवर पांढरी पुटं दिसतात ती हीच.

बाकी तुमच्या इथे पानांपेक्षा मुळं भाजतायत. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा, चटका बसेल. ती कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, लहान कुंड्या मोठ्यांच्या सावलीत, मातीवर सुकी पानं पसरा आणि एप्रिल-मेपुरती हिरवी जाळी, अर्धं ऊन अडवणारी 50 टक्केवाली. पाणी सकाळी सातच्या आत. आणि दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप सावरलं तर ते तहानलेलं नसतं, लगेच तांब्या घेऊन धावू नका. त्या जागेत सदाफुली, बोगनवेल, गवती चहा आणि ऑफिस टाइम (चिनी गुलाब) छान होतील, पालक-कोथिंबीर नाही.

प्रश्न : चहाचा चोथा आणि कांद्याच्या सालीचं पाणी घालू का? (लातूर)

उत्तर : दूध-साखरेच्या चहाचा चोथा धुवून वाळवूनच, नाहीतर मुंग्या. तोही आधी कंपोस्टमध्ये. सालीच्या पाण्याने नुकसान नाही, चमत्कारही नाही. कुंडीतलं खत पाण्याबरोबर वाहून जातं म्हणून दर 15-20 दिवसांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत कालवणं हे असले उपाय सांगणाऱ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा भारी.

प्रश्न : भारतातून येताना कढीपत्त्याचं रोप आणायचं ठरवलंय. इथे अपार्टमेंटच्या खिडकीत हिवाळ्यात टिकेल का? मैत्रिणीचा दर डिसेंबरला पानं गाळतो. (न्यू जर्सी)

उत्तर : रोप, बिया, काहीही बॅगेत घालून नेऊ नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्याच्यावर लिंबू-संत्र्याच्या बागा संपवणाऱ्या रोगाचा कीटक जगतो, त्यामुळे तिकडे ह्या बाबतीत कडक नियम आहेत, अमेरिकेतल्या अमेरिकेतसुद्धा काही राज्यांतून रोपं पाठवता येत नाहीत. स्थानिक परवानगी असलेल्या नर्सरीतूनच घ्या.

टिकण्याचं म्हणाल तर टिकतो. रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जायच्या आधी घरात घ्या, दक्षिणेची खिडकी, हीटरच्या झोताखाली नको. डिसेंबरमध्ये पानं गळली म्हणजे मेला नाही, तो झोपलाय, खोड नखाने किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. त्या काळात पाणी अगदी कमी आणि खत बंद, मैत्रीण बहुतेक काळजीने जास्त पाणी घालते आणि तिथेच झाड जातं. वसंतात शेंडे छाटा म्हणजे बाजूने फुटतो, उंच काडी होत नाही.

आणि इथल्यांसाठी, कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी दिसलं आणि दुसऱ्या दिवशी ते सरकलेलं असलं, तर ती फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यावर शिंगं काढते. एक-दोन असतील तर राहू द्या, झाड लहान असेल तर उचलून खाली आवारातल्या लिंबावर सोडा.

पुढच्या महिन्यासाठी प्रश्न पाठवताना तीन गोष्टी नक्की लिहा, खिडकीची दिशा, कुंडी किती इंची आणि पाणी नळाचं का बोअरचं. फोटो फक्त पानाचा नको, कुंडीच्या बुडाचाही काढा.